चुलीला नळ

आमच्या साडूंइतका खोल विचार करणारा माणूस उभ्या मुंबई इलाख्यात दुसरा झाला नसेल, आणि त्या विचारापायी घरच्या बाईचे इतके हाल करणाराही दुसरा झाला नसेल. हे मी रागानेच लिहितो आहे. राग जुना आहे, पण विझलेला नाही. त्यातला अर्धा त्यांच्यावर आहे आणि उरलेला अर्धा कोणावर आहे, ते सांगायला अजून अवकाश आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते मला 'धाकटे' म्हणत आणि मी त्यांना 'थोरले'. ह्यापलीकडे आम्ही एकमेकांचं नाव कधी घेतलं नाही. मुलुंडला टेकडीच्या बाजूला त्यांचं चार खोल्यांचं बैठं घर होतं आणि तिथून दोन गल्ल्या सोडून आम्ही भाड्याने राहत होतो. अंगाने उंच, शिडशिडीत, डोक्यावर काळी टोपी, कोटाच्या वरच्या खिशात झिजून बोटाएवढी झालेली पेन्सिल आणि एक घडीची मोजपट्टी. गिरणीच्या बॉयलर खात्यात तीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते. वाफेबद्दल त्यांना काहीही विचारा, आकड्यांसकट सांगत. 'चहा घेणार का?' एवढंच विचारायचं नाही. ह्या प्रश्नावर ते कपाळाला आठ्या घालून, दोन बोटं ओठांवर ठेवून बसत आणि बऱ्याच वेळाने 'बघू' म्हणत. तोवर चहा निवून त्यावर साय धरलेली असे.

एकदा छत्री घ्यायची म्हणून दुकानदाराकडून पसंतीसाठी त्यांनी दोन छत्र्या घरी आणल्या. एकीची मूठ चांगली, दुसरीचं कापड चांगलं. तुलना दसऱ्यापर्यंत चालली आणि मग दोन्ही कोऱ्या छत्र्या परत गेल्या. तो सबंध पावसाळा त्यांनी डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन काढला. घराचं पुढचं दार अर्धं हिरवं आणि अर्धं नुसत्या अस्तराचं होतं, कारण अर्धं रंगवून झाल्यावर हिरवा बरा की पिवळा, अशी शंका आली आणि ती तीन वर्षं फिटली नाही. पोस्टमन त्या घराला 'अर्ध्या दाराचं घर' म्हणे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत तर त्यांनी कहर केला. तेव्हा पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवलेली असे. ज्याला मत द्यायचं त्याच्या पेटीत चिठ्ठी टाकायची. थोरले पडद्याआड गेले ते बाहेर येईनात. रांग कुरकुरू लागली. शेवटी तिथला अधिकारी ओरडला, "अहो, आत झोप लागली की काय?" तेव्हा ते शांतपणे बाहेर आले आणि बोटावरच्या शाईवर फुंकर घालत घरी गेले. संध्याकाळी ताईनं, म्हणजे माझ्या मेहुणीनं, विचारलं, "मग कुणाला दिलंत मत?" त्यांनी कोटाच्या खिशातून घडी केलेली चिठ्ठी काढली आणि म्हणाले, "अजून ठरलं नाही."

आम्ही पोट धरून हसायचो. रविवारी आमच्याकडे कुणी पाहुणे आले की मी हे किस्से रंगवून सांगायचो, नकला करायचो, दोन बोटं ओठांवर ठेवून 'बघू' म्हणायचो. छत्री घेतली नाही तर ते स्वतः भिजत होते, तोवर हसायला हरकत नव्हती. पण त्या घरातले पुष्कळसे निर्णय असे होते की ते अडले म्हणजे भिजायची ताई. हसण्याच्या भरात ह्याचा विचार करायचं आम्हांला सुचलं नाही.

आता चुलीचं सांगतो. ताईच्या लग्नात आलेला एक तांब्याचा बंब त्यांच्या घरी होता. मधल्या नळीत ढलप्या टाकून पेटवला की अर्ध्या तासात आंघोळीचं पाणी तयार. न्हाणीच्या दाराशीच तो ठेवलेला असे. एका वर्षी त्याचं बूड गळायला लागलं म्हणून थोरल्यांनी तो कासाराकडे नेला. बूड बदलावं की नवा बंब घ्यावा ह्यावर विचार सुरू झाला, आणि तो चालू असतानाच एका सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून चुलीकडे टक लावून बघायला लागले. विटामातीची चूल, तिच्या अंगाला दुसरं भांडं ठेवायला वैल, दोन्हींवर काही ना काही रटरटत होतं. मागच्या भिंतीला हात लावून ते म्हणाले, "ही सगळी जाते कुठे?"

"माझ्या डोळ्यांत," ताई म्हणाली.

"तो धूर. मी धग म्हणतोय."

त्यांचं म्हणणं असं, की एका घरात सकाळच्या पारी दोन जाळ पेटवणं हा शुद्ध वेडेपणा आहे. चूल पेटतेच आहे, तिची निम्मी धग भिंत खाते आहे, आणि आपण पलीकडे बंबात वेगळी लाकडं घालतो आहोत. त्यापेक्षा चुलीच्या पोटात तांब्याच्या नळीचं वेटोळं बसवावं. एका टोकानं टाकीतलं गार पाणी आत यावं, दुसऱ्या टोकानं ऊन पाणी थेट न्हाणीतल्या नळाला जावं. भात शिजेपर्यंत आंघोळीची सोय. कल्पना खरोखरच नामी होती. ती ऐकून ताई इतकी खूश झाली की त्या दिवशी तिनं मला मुद्दाम बोलावून ती परत ऐकवली. इकडे सहा महिने बंब दुकानात पडून राहिल्यावर कासारानंच वैतागून तो मोडीत काढला आणि त्याच्या बदली तांब्याची लांबलचक नळी थोरल्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती घरी आणून सुरेख वेटोळं वळलं, फडक्यात गुंडाळलं आणि पलंगाखाली ठेवलं. मग चुलीत ते बसवावं की बसवू नये, ह्याचा विचार सुरू झाला.

तो चार हिवाळे चालला. बंब गेलेला, नळी पलंगाखाली. मधल्या मधे ताई रोज पहाटे वैलावर पितळी हंडा चढवायची, आणि पाणी कढलं की तो पदरानं धरून मागच्या दारानं तीन पायऱ्या उतरायची, परस ओलांडायची आणि न्हाणीतल्या घंगाळात ओतायची. टेकडीवरून येणाऱ्या वाऱ्यानं तिथे थंडी अशी पडे की फरशीवर पाय ठरत नसत. तिची कंबर आधीच अधू, वय पंचेचाळीसच्या पुढे, एकुलती एक मुलगी लग्न होऊन इंदूरला गेलेली. तो हंडा थोरल्यांनी उचलावा, असं त्यांच्या मनात आलं नाही. आणि खरं सांगायचं तर ताईच्या, माझ्या बायकोच्या किंवा माझ्याही मनात आलं नाही. ते स्वतः गार पाण्यानं आंघोळ करू लागले. त्यामुळे प्रश्न निम्मा सुटला, असं त्यांचं मत होतं.

विचार मात्र कसून चालला होता. वेटोळ्यानं धग खाल्ली तर भात शिजायला किती उशीर होईल, हे बघायला ते खिशातलं घड्याळ घेऊन चुलीसमोर पाट मांडून बसत आणि ताईला मधेच झाकण काढू देत नसत. नळीवर काजळी किती धरेल हे कळावं म्हणून महिनाभर त्यांनी नळीचा एक तुकडा चुलीत ठेवला होता आणि रोज तो बाहेर काढून नखानं खरवडून बघत. येईल जाईल त्याचं मत विचारत. टेकडीवरून मोळ्या घेऊन येणारी एक ठाकरीण होती, तिला त्यांनी ओट्यावर बसवून सगळी योजना खडूनं फरशीवर काढून दाखवली. ती बिचारी डोक्यावरची मोळी उतरवून अर्धा तास ऐकत राहिली आणि म्हणाली, "बाबा, पानी तापवायचं तर जाळ करावा. त्यात इचार कसला?" थोरल्यांनी हेही मत वहीत टिपून घेतलं.

गावठाणातला फ्रान्सिस फिटर हे काम करायला तयार होऊन बसला होता. त्याच्या वाडवडलांची तिथे भातशेती होती, पण हा नळजोडणीत पटाईत निघाला. महिन्या-दोन महिन्यांनी तो सायकल दाराशी टेकवून आत डोकावायचा.

"काय सायेब, झाला इचार?"

"चाललाय."

"झकास. चालू द्या. मी ईस्टरला येतो परत."

सगळ्या शंका फिटत आल्या तरी एक मात्र फिटत नसे. ते म्हणत, "सगळं ठीक आहे. पण पाणी तुटलं तर?" हा प्रश्न त्यांनी मला चार वर्षांत निदान शंभरदा विचारला असेल. मी म्हणायचो, "तुटलं तर आंघोळ करणार नाही!" मग सगळे हसायचे. तेही हसायचे, पण जरा उशिरा, आणि दुसरीकडे बघत.

चौथ्या हिवाळ्याच्या तोंडाला ताई पायरीवरून घसरली. नशिबानं हंडा पुढे पडला आणि ती मागे, म्हणून भाजली नाही. पण कमरेत अशी उसण भरली की पंधरा दिवस अंथरुणावर होती. माझी बायको, शालू, रोज सकाळी जाऊन तिचं सगळं करायची. मी भेटायला गेलो तेव्हा थोरले ओट्यावर बसून वहीत काहीतरी आखत होते. माझा तोल गेला.

"थोरले, आता पुरे झाला विचार. बसवून टाका ते वेटोळं."

"घाई करून चालणार नाही, धाकटे."

"चार वर्षं झाली! ह्याला घाई म्हणतात?"

पेन्सिलीचं टोक जिभेला लावून त्यांनी वहीतली एक रेघ परत गडद केली. त्या क्षणी मला त्यांचा मनापासून तिटकारा आला. घरी येताना मी शालूला म्हटलं, "हा माणूस विचार करत नाही. ह्याला फक्त 'हो' म्हणायचं नाही." हे मी बरोबर ओळखलं होतं. का म्हणायचं नाही, हे विचारायची गरज मला वाटली नाही.

ताई उठून फिरायला लागली आणि थोड्याच दिवसांत नाशकाहून थोरल्यांच्या भावाच्या आजारपणाचं पत्र आलं. जावं की न जावं, ह्यावर ते विचार करायला बसणार तोच भावाची तार आली, आणि ताईनं त्यांची पिशवी भरून त्यांना जवळजवळ ढकलतच घराबाहेर काढलं. ते तीन आठवडे तिकडे राहणार होते. त्याच संध्याकाळी ताई आमच्याकडे आली. खुर्चीवर बसलीसुद्धा नाही.

"वसंतराव," ती मला म्हणाली, "फ्रान्सिसला बोलवा. हे यायच्या आत मला चुलीला नळ हवाय. आल्यावर काय बोलायचं ते माझं मी बघते."

मला तर हेच हवं होतं. दुसऱ्या दिवशी फ्रान्सिस आला. ताईनं ट्रंकेतून थोरल्यांचा नकाशा काढून दिला. इतका नेटका नकाशा मी पाहिला नव्हता. चुलीची वीटन् वीट त्यात होती. फक्त टाकीच्या शेजारी एक कोपरा कोरा ठेवला होता आणि तिथे पेन्सिलीनं मोठं प्रश्नचिन्ह काढलेलं होतं. फ्रान्सिसनं त्यावर बोट ठेवलं.

"इथं सायबानं काय इचारलंय?"

"त्यांना सगळीकडेच प्रश्न पडतात," मी म्हणालो. "तू तुझं काम कर."

त्यानं न्हाणीच्या भिंतीवरच्या पत्र्याच्या टाकीकडे मान वर करून पाहिलं. ही टाकी म्युनिसिपालटीच्या नळावर भरायची आणि तो नळ सकाळी दोन-तीन तास चाले. "सायेब, टाकीत पानी किती टाईम राहते? मधेच संपते काय?"

"भरपूर असतं," मी म्हणालो. "लाव तू."

ती टाकी मी खालून पाहिली होती. आत किती पाणी मावतं, हे मला ठाऊक नव्हतं, आणि तिच्यात डोकावायला शिडीच्या चार पायऱ्या चढाव्या लागल्या असत्या. शिडी तिथेच भिंतीला टेकवलेली होती.

शुक्रवारी काम पुरं झालं. शनिवारी सकाळी ताईनं चूल पेटवली, आमटी-भात चढवला आणि घटकाभरानं न्हाणीत जाऊन नळ फिरवला. आधी फसफस झालं आणि मग वाफाळलेलं पाणी यायला लागलं. ताईनं ओंजळीत घेतलं, चटका बसला तसं टाकलं, परत घेतलं. तोंड धुतलं, हात धुतले, पाय धुतले, आणि मग लहान मुलीसारखी खदखदून हसली. तिला असं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. "ह्यांना कळवू नका हं," ती म्हणाली. "आले की न्हाणीत नेऊन उभं करीन आणि म्हणेन, फिरवा नळ." आणि दुसऱ्या दिवशी रविवार, तेव्हा आम्ही सगळ्यांनी तिच्याकडेच आंघोळीला आणि जेवायला यायचं, असं तिनं फर्मान काढलं.

त्या रविवारी तिनं पुरणाचा घाट घातला होता, म्हणून चूल सकाळपासून धडधडून पेटलेली. शालूची आंघोळ झाली, मग मी गेलो. आयुष्यात कधी बादली मोजल्याशिवाय ऊन पाण्यानं आंघोळ केली नव्हती. मी अंगावर ओततच राहिलो. दोन झाल्या, तीन झाल्या, चौथीच्या मध्यावर धार बारीक झाली आणि बंद पडली. मी नळ बंद केला, पंचा गुंडाळला आणि बाहेर येऊन ओरडलो, "ताई, संपलं हो तुमचं पाणी!" आतून ताई हसून म्हणाली, "संपू दे, येईल आत्ता नळाला." त्या दिवशी म्युनिसिपालटीचं पाणी उशिरा येत होतं. मी ओट्यावर बसून डोकं पुसलं, भांग पाडला. पाव तास गेला असेल. मग टाकीत पाणी पडल्याचा आवाज झाला. तो आवाज ऐकून मला बरंच वाटलं.

नंतर जे झालं त्याला एक क्षणसुद्धा लागला नाही. पाव तास धडधडत्या जाळात कोरडं तापलेलं वेटोळं, त्याचे सांधे ढिले झालेले, आणि त्यात एकदम गार पाणी. आतून फाडकन आवाज झाला, पाठोपाठ भांडी कोसळल्याचा. आम्ही धावलो तेव्हा स्वयंपाकघरात वाफेशिवाय काही दिसत नव्हतं. चुलीची एक बाजू उडाली होती, निखारे फरशीभर पसरले होते, आणि ताई पाटावरून मागे कलंडून उजवा हात डाव्या हातानं धरून बसली होती. ओरडली नाही. फक्त म्हणाली, "शालू, पुरण बघ गं."

उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत भाजला होता, आणि मानेची एक बाजू. महिनाभर ती इस्पितळात होती. थोरले तार मिळताच आले. मला वाटलं होतं, आता हा माणूस मला फाडून खाईल, आणि खरं तर त्यानं खावं अशी माझी इच्छा होती. ते ताईच्या खाटेशी उभे राहिले, बँडेजकडे पाहत राहिले. ताईनंच तोंड उघडलं.

"तुमच्या विचारानं माझी कंबर गेली," ती आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे बघत म्हणाली, "आणि ह्यांच्या अविचारानं हात. दोघेही मोठे शहाणे."

आम्ही दोघे शहाणे बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसलो. मी त्यांना सगळं सांगितलं; फ्रान्सिसनं टाकीबद्दल विचारलं होतं आणि मी 'भरपूर असतं' म्हणालो होतो, तेही. ते ऐकून त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"गिरणीत लागून मला तीनच वर्षं झाली होती," ते म्हणाले. "माझ्या हाताखाली भट्टीत कोळसा टाकणारा एक आगवाला होता. रत्नागिरीकडचा. माझ्याहून वयानं मोठा, पण मला साहेब म्हणायचा. दुपारची वेळ. मी डबा उघडत होतो. त्यानं दारातून विचारलं, 'साहेब, काचेत पाणी दिसत नाही. सोडू का?' पातळीच्या काचेत पाणी दिसेनासं झालं, म्हणजे बॉयलरमधलं पाणी खाली गेलं, की आधी भट्टीतली आग बाहेर ओढायची, तो निवू द्यायचा, पाणी सोडायचं नाही; सोडलं तर तो फुटतो. हे मला पाठ होतं. पण मी भाकरीचा तुकडा मोडत होतो, आणि मी म्हटलं, 'सोड.'"

त्यांनी मांडीवरची टोपी उलटी करून ठेवली.

"एवढंच," ते म्हणाले. "त्याला मी बाहेर आणला तेव्हा तो जिवंत होता. मलाच विचारत होता, साहेब, तुम्हांला लागलं नाही ना."

व्हरांड्यातून एक परिचारिका ट्रे घेऊन गेली. तिची पावलं ऐकू येईनाशी झाली तेव्हा माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "थोरले, चार वर्षं आम्ही तुम्हांला हसत होतो. पाणी तुटलं तर, म्हणून तुम्ही विचारायचात आणि मी थट्टा करायचो. एकदा, एकदा जरी हे सांगितलं असतंत!"

त्यांची दोन बोटं ओठांवर गेली. मग म्हणाले, "सांगावं की नाही, ह्याचा विचार चालला होता."

त्यावर हसावं की रडावं ते मला कळलं नाही, आणि आजही कळत नाही. मला त्यांची कीव आली आणि त्याच वेळी भयंकर संतापही आला. ह्या माणसाला चूक कशी होते हे नेमकं माहीत होतं, आणि ते ज्ञान त्यानं तीस-पस्तीस वर्षं नकाशावर प्रश्नचिन्ह काढण्यापलीकडे कशालाही वापरलं नाही. त्या प्रश्नचिन्हाशेजारी एक साधी सूचना लिहून ठेवली असती, बंबाला नवं बूड बसवून आणलं असतं, बायकोला कारण सांगितलं असतं. आणि माझं काय? मला तर काहीच माहीत नव्हतं, आणि मी एका दमात 'भरपूर' म्हणून मोकळा झालो. फ्रान्सिस इस्पितळात दोनदा येऊन गेला, ताईच्या पायाशी उभा राहून टोपी हातात चुरगाळत होता. त्याला मी सांगितलं, तुझं काही चुकलं नाही. ते खरंच होतं. माझ्या चुकीबद्दल मला तसं सांगायला कुणी आलं नाही.

ताई घरी आली तेव्हा चूल परत लिंपून घेतलेली होती. वेटोळ्याचा मागमूस नव्हता. तिच्या उजव्या हाताची मूठ आता पुरती मिटत नसे. पहिल्या दिवशी मी आणि शालू तिथेच होतो. आंघोळीच्या पाण्याचं काय करायचं, असा विषय शालूनं भीत भीत काढला, आणि सवयीनं आम्ही सगळे थोरल्यांच्या तोंडाकडे बघायला लागलो. बंब घ्यायचा, की स्टोव्ह, की आणखी काही; आता परत वही निघणार. पण ते लगेच म्हणाले, "चुलीला नळ नको. पाणी मी नेत जाईन." इतकंच बोलून ते उठले आणि हंडा घासायला घेऊन गेले. प्रश्न विचारल्याबरोबर त्यांनी उत्तर दिल्याचं मी पाहिलं, ते त्या एकाच वेळी.

आणि त्यांनी ते निभावलं. पुढचे तीन हिवाळे आणि मधले सगळे दिवस. सकाळी कामावर जाताना मी मुद्दाम त्यांच्या गल्लीवरून वाकडी वाट करून जायचो. कुंपणावरून दिसायचं, काळी टोपी, धोतराचा काचा मारलेला, आणि दोन्ही हातांत फडक्यानं धरलेला हंडा घेऊन, काचेवरून चालावं तसा एकेक पाय टाकत थोरले परसातून निघालेले. मी हाक मारायचो नाही. हाक मारली असती तर ते थांबून विचारात पडले असते, अशी थट्टा मनात यायची आणि तिथेच विरायची. आमचं बोलणं पूर्वीसारखं राहिलं नव्हतं. भेटलो की हवापाण्याचं बोलायचो, आणि त्यातलंही पाण्याचं टाळायचो. मग एका मार्गशीर्षात त्यांना साधा ताप आला. डॉक्टर बोलवावा की नाही हे त्यांनी ठरवायच्या आत आम्हीच बोलावला, पण तो ताप छातीत उतरला होता. आठ दिवसांत ते गेले.

तेराव्यानंतर मुलीबरोबर इंदूरला जाण्याआधी ताई चार दिवस आमच्याकडे राहिली. पहिल्या सकाळी शालूनं तिच्यासाठी घंगाळात पाणी काढलं. चांगलं वाफाळलेलं, ताईला आवडायचं तसं. ताईनं डाव्या हाताचं बोट बुडवलं आणि काढून घेतलं.

"विसण घाल गं जरा," ती म्हणाली.

शालू म्हणाली, "अगं, तुला तर लहानपणापासून कढत पाणी लागतं. आईशी भांडायचीस तू त्यावरून."

"लागायचं," ताई म्हणाली. "पण ह्यांचं पाणी न्हाणीत पोचेपर्यंत कोमट होऊन जायचं. आधी चुलीवरून उतरवून निवत ठेवायचे. मग दर पाच पावलांवर हंडा खाली ठेवायचा आणि कोपर बुडवून बघायचं, मला पोळणार तर नाही ना. आणि आत आणून ठेवलं की दाराबाहेर उभं राहून विचारायचे, बरोबर आहे का? थंडीनं माझे दात वाजत असायचे. मी म्हणायची, हो, छान ऊन आहे." तिनं बोट पदराला पुसलं. "रोज म्हणायची. आता गरम सोसत नाही."

शालूनं गार पाण्याचे दोन तांबे घंगाळात ओतले. ताईनं परत बोट बुडवून पाहिलं.

"अजून एक," ती म्हणाली.